पेलाभर की पळीभर?

आधी आलेलं पत्र, थोडं कापून:

"वैद्यकाकू, नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, घरात पाच माणसं. आषाढात मुलीचं (वय 19) हिमोग्लोबिन 9.2 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवलं की अनारच्या रसासारखं रक्त वाढवणारं दुसरं काही नाही. तेव्हापासून मिस्टर चोइथराम मंडीतून पेटीच आणून राहिलेत. रोज सकाळी उपाशीपोटी मुलीला, सासऱ्यांना आणि मला एकेक पेला रस. रोजची सहा-सात डाळिंबं जातात. मुलीला आता तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. सासरे 71 वर्षांचे आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह, ब्लडप्रेशरची गोळीही चालू. त्यांची तीन महिन्यांची साखर 7.1 होती, ती 7.9 आली. मला छातीत जळजळतं. मी म्हटलं बंद करू या, तर सासूबाई म्हणाल्या आयुर्वेदात लिहिलंय, हे सगळ्यांना चालतं. मिस्टर मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. घरात मीच आयुर्वेदाची वैरीण ठरून राहिले. सासूबाई स्वतः मात्र एक घोट घेत नाहीत, तुम्हाला पुरू दे म्हणतात. श्रावणात त्यांना ताप येऊन गेला, तेव्हापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय, तोंडाला चवच नाही म्हणतात. काकू, रस चालू ठेवू की बंद करू? आणि या साली टाकून देऊ का? दोन डबे भरलेत."

ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी हिशोब केला. रोज सहा-सात म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास डाळिंबं. आमच्या मल्हारगंजच्या जुन्या वाड्यात परसात एक डाळिंबाचं झाड होतं, आंबट फळाचं. ते चांगलं फळलं त्या वर्षीसुद्धा चाळीसच्या वर फळं हाती लागली नव्हती, कारण बाकीची पोपट खायचे. संस्कृतात डाळिंबाला शुकवल्लभ, पोपटाचं लाडकं, असं नाव आहे, ते उगीच नव्हे. ते घर त्या चाळीस डाळिंबांत वर्ष काढायचं. तुमच्याकडे ती आठवड्याला लागतात.

आता मुद्द्याचं. सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने रोजच्या रोज खायला हरकत नाही अशा पदार्थांची एक यादी दिली आहे. साळीचा भात, गहू, मूग, आवळा, मनुका, तूप, मध, सैंधव या मंडळींत डाळिंबही बसलेलं आहे. पुढे तो असंही म्हणतो की आंबट पदार्थ बहुतेक करून पित्त वाढवतात, "दाडिमामलकादृते", म्हणजे डाळिंब आणि आवळा सोडून. एवढा मान या दोघांखेरीज दुसऱ्या आंबट फळाला मिळालेला नाही. तेव्हा "आयुर्वेदात लिहिलंय" हे अगदी खरं. फक्त त्याच आयुर्वेदात आणखीही बरंच लिहिलेलं आहे आणि व्हिडिओवाले तिथवर पोचत नाहीत.

पहिली गोष्ट मापाची. शार्ङ्गधर या दुसऱ्या जुन्या ग्रंथकाराने स्वरस म्हणजे काय ते नेमकं सांगितलंय: ताजं द्रव्य, लगेच कुटलेलं, कापडातून पिळलेलं. तुमच्या सासूबाई करतात ते हेच. पण पुढच्याच भागात तो म्हणतो की स्वरस पचायला जड असतो, म्हणून अर्धा पल घ्यावा. एक पल म्हणजे चार तोळे, अर्धा पल दोन तोळे. आजच्या मापात साधारण 24 मिलि, म्हणजे चहाचे पाच चमचे. देवघरातली पळी दोन-तीनदा भरली की झालं. पेला नव्हे.

कोणी म्हणेल, काकू, ते औषधाचं माप झालं, आम्ही तर फळ म्हणून घेतो. बरोबर आहे. मग फळासारखं घ्या. फळ म्हणून कोणी सकाळी उठल्या-उठल्या अडीच डाळिंबं खात बसत नाही. दाणे सोलायचे, चावायचे, यातच अर्धा तास जातो आणि अर्ध्या डाळिंबात हात थांबतो. मध्यम आकाराच्या एका डाळिंबातून हाताने पिळून 80 ते 100 मिलि रस निघतो. दोनशे मिलिचा पेला रिकामा करायला मात्र अर्धं मिनिट पुरतं. चोथा कापडात राहतो, साखर पोटात जाते.

साखरेवरून सासरेबुवांकडे वळते, कारण घाई त्यांचीच आहे. डाळिंबाच्या 100 मिलि रसात 12 ते 13 ग्रॅम साखर असते. वरून चमचाभरही न घालता. पेल्यात झाली पंचवीस ग्रॅम, चहाचे पाच चमचे. रोज सकाळी उपाशीपोटी मधुमेही माणसाला पाच चमचे साखर पाण्यात ढवळून दिली असती तर सासूबाईंनीच हात धरला असता. इथे ती लाल रंगात लपली. 7.1 चे 7.9 फक्त रसानेच झाले असं मी म्हणणार नाही, आषाढ-श्रावणात चालणं बंद, साबुदाणा चालू, असं सगळं एकत्र येतं. पण रस त्यात आहे, आणि काढून टाकायला सगळ्यात सोपा तोच आहे. उद्यापासून बंद. त्यांना डाळिंब आवडत असेल तर दुपारच्या जेवणाबरोबर मूठभर दाणे चावून खाऊ द्या. दाण्यांत चोथा असतो, शंभर ग्रॅमला चारेक ग्रॅम, त्यामुळे साखर सावकाश चढते. नवा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून गोळीचं बघून घ्या, ते पत्रातून होण्यासारखं नाही.

त्यांच्याबाबत आणखी एक. डाळिंबात पोटॅशियम बऱ्यापैकी असतं, 100 मिलि रसात दोनशे मिलिग्रॅमच्या वर. निरोगी माणसाला ते चांगलंच. पण बारा वर्षांचा मधुमेह म्हणजे मूत्रपिंडं तपासलेली हवीत, आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आत्ता करून घ्या. रस रोज पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब थोडा उतरलेला काही छोट्या प्रयोगांत दिसला आहे, बहुधा तेच तुमच्या मिस्टरांच्या व्हिडिओत असणार. गोळी चालू असलेल्या माणसाला त्याचं फार अप्रूप नाही.

आता मुलगी. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण निम्म्या इंदूरची समजूत तुमच्या सासूबाईंसारखीच आहे. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढतं. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह असतं 0.3 मिलिग्रॅम. रसात त्याहून कमी, साधारण 0.1. तुमच्या मुलीच्या वयाच्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावं असं आपल्याकडचं शिफारशीचं माप आहे. निव्वळ डाळिंबाच्या रसावर ते गाठायचं तर रोज 29 लिटर रस लागेल. मंडीतला ट्रकच दारात उभा करावा लागेल.

मग जुन्या वैद्यांनी पांडुरोगात, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकं पडतं त्या रोगात, डाळिंब का वापरलं? वापरलं, हे खरं. दाडिमादि घृत नावाचं एक तूप पांडुरोगात देतात. त्यात काय असतं पाहा: डाळिंब, धणे, चित्रक, सुंठ, पिंपळी आणि तूप. ही सगळी भूक लावणारी, अन्न पचवणारी मंडळी. पांडूच्या माणसाला अन्नावर वासना नसते, खाल्लेलं अंगी लागत नाही, ते आधी सुधारावं म्हणून हे तूप. आणि रक्तासाठी? त्यासाठी नवायस लोह, पुनर्नवा मंडूर अशी औषधं होती. लोह आणि मंडूर, दोन्ही सरळसरळ लोखंडच. म्हणजे रक्ताला लोखंड लागतं हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं, लाल रंगावर ते भुलले नव्हते. डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि वैद्याचा मंडूर एकाच कुळातले आहेत. सासूबाईंना हे जरूर सांगा. (मंडूर आणून गोळीबरोबर सुरू करू नका मात्र. दोन्हीकडून लोह नको.)

पोट साफ न होण्याचं कारणही यातच आहे. लोहाच्या गोळीने शौचाला खडा होतो, हे बऱ्याच जणांना होतं. त्यात डाळिंब ग्राही. चरकाने, भावमिश्राने, सगळ्या जुन्या ग्रंथकारांनी ते ग्राही म्हटलंय, म्हणजे मलातलं पाणी शोषून त्याला बांधणारं. जुलाबात जो गुण, तोच बद्धकोष्ठात अवगुण. तुम्ही त्या मुलीला सकाळी रस आणि दुपारी गोळी देऊन दोन्ही बाजूंनी दार लावलंत.

मी तुम्हाला हसत नाही. वैद्यकी सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी एका बाळंतिणीला मी "डाळिंबाचा रस भरपूर घ्या" असं सांगून बसले होते. टाके घातलेले, आधीच शौचाची भीती, आणि वर माझा सल्ला. आठव्या दिवशी तिच्या आईने येऊन जे सुनावलं ते अजून कानात आहे. तेव्हापासून डाळिंब सांगताना आधी पोटाचं विचारते.

तर मुलीचा रसही बंद. गोळी चालूच, एक दिवसही चुकवायची नाही, आणि ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगात शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध गोळीपासून दोन तास लांब. आता तुम्हाला विचारते, सकाळी पोहे असतातच ना? इंदूरच्या घरात नसून कसं चालेल. आणि पोह्यांबरोबर कपभर चहा? तो चहा लोहाचा मोठा शत्रू आहे. पोह्यांत थोडंफार लोह असतं, वर लिंबू पिळलेलं असतं, सगळं जुळून आलेलं असतं, आणि तेवढ्यात आपण त्यावर चहा ओततो. चहातली कषाय द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. तिचा चहा पोह्यांनंतर दीड-दोन तासांनी द्या. पोह्यांवर शेव, जिरावण आणि डाळिंबाचे दाणे टाकायची आपली रीत आहे, ती राहू द्या. एवढे मूठभर दाणे तिला बाधणार नाहीत, चवीलाही बरे लागतात.

बाकी लोह कुठून? फुटाणे, चवळी, मटकी, बाजरी, तीळ, अळीव, मेथी, आणि थंडी सुरू झाली की मंडीत बथुआ येईलच, म्हणजे आपला चाकवत. भाजी लोखंडी कढईत करा, विशेषतः टोमॅटो किंवा आमसूल घातलेली, आंबटाने कढईचं लोह भाजीत उतरतं. शौचासाठी रात्री दहा-बारा काळ्या मनुका भिजवून सकाळी चावून खायला द्या, आणि पाणी वाढवा. तीन महिने गोळ्या होऊन गेल्यात, तेव्हा हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नीट गोळी घेतली तर महिन्याभरात एखाद्या ग्रॅमने तरी ते वर सरकायला हवं. सरकलं नसेल तर पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का, बी-12 कमी आहे का, हे डॉक्टरांना शोधू द्या. 9.2 हा आकडा घरगुती उपायांवर सोडून देण्याचा नाही.

तुमची जळजळ सोपी आहे. भावमिश्राने डाळिंबाचे तीन प्रकार केलेत. गोड ते तिन्ही दोषांना शमवणारं, तहान-दाह-ताप कमी करणारं. आंबटगोड ते भूक वाढवणारं, पण किंचित पित्तकर. आणि नुसतं आंबट ते पित्त वाढवणारं, वात-कफ कमी करणारं. म्हणजे वाग्भटाची सूटही सगळ्या डाळिंबांना सरसकट नाही. आज बाजारात येतं ते बहुतेक भगवा, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणलेलं वाण. त्याआधी गणेश होतं, 1936 साली पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेलं, फिक्या दाण्यांचं, मऊ बियांचं. ही दोन्ही गोडच. आमच्या परसातलं झाड किंवा कंधारी डाळिंब, ते वेगळं प्रकरण. तेव्हा फळ गोड असताना तुम्हाला जळजळ का, तर उपाशीपोटी पेलाभर, आणि मला वाटतं पिळण्याआधी मिक्सरमधून फिरवलेला. मिक्सरमध्ये दाणे फिरवले की बिया भरडल्या जातात, रस तुरट-कडवट होतो. वर चाट मसाला आणि लिंबू घालत असाल तर विचारायलाच नको. बंद करा आणि आठ दिवस पाहा. जळजळ तरीही राहिली तर कारण डाळिंब नव्हे, मग दाखवा कोणाला तरी.

तिघांचंही बंद केलं, आता काकूच आयुर्वेदाची वैरीण, असं घरात म्हणतील. थांबा. तुमच्या घरात डाळिंबाचा रस ज्याला खरंच हवा आहे ते माणूस तो पीतच नाही.

ताप येऊन गेला, अन्न निम्म्यावर आलं, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. ताई, ही तर डाळिंबाचीच खूण. चरकाने औषधांचे दहा-दहाचे गट केलेत, त्यातल्या तीन गटांत डाळिंब आहे. एक हृद्य, एक उलटी थांबवणारं आणि एक श्रमहर, थकवा घालवणारं. हृद्य म्हटलं की लोक हृदयविकाराचं औषध समजतात. पण त्या गटात डाळिंबाच्या शेजारी कोण आहे पाहा: आंबा, अंबाडा, करवंद, बोर, महाळुंग. नुसती आंबटगोड फळं. आमच्या गुरुजींनी याचा अर्थ सांगितला तो मला अजून पटतो, मनाला रुचणारं, ज्याने "हां, आता खावंसं वाटतंय" असं होतं ते. सासूबाईंना नेमकं तेच हरवलंय. आणि श्रमहर गटात द्राक्षं, खजूर, बोर, ऊस यांच्याबरोबर डाळिंब आहे, तेही तुम्हा सगळ्यांसाठी रोज पहाटे दाणे सोलत बसलेल्या बाईलाच लागू.

त्यांना असं द्या. एक चांगलं डाळिंब घ्या. पिकलेलं डाळिंब गोल गरगरीत नसतं, त्याला किंचित कोन आलेले असतात, कारण आतले दाणे भरून सालीला रेटतात. हातात जड लागावं. ठेल्यावर "डाळिंब" म्हटलंत तर ठेलेवाला भिया तोंडाकडे बघत राहील, अनारच म्हणा. दाणे सोलून मधली पिवळी पापडी सगळी काढा, कडूपणा तिच्यातच असतो. दाणे मलमलच्या फडक्यात घालून हाताने चुरगाळून पिळा. त्या रसात चिमूटभर सैंधव, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याच्या रसाचे चार थेंब. पाच-सहा चमचे एवढंच, आणि तेही जेवणाआधी पंधरा मिनिटं, दोन्ही वेळा. उपाशीपोटी पहाटे नको. फ्रिजमधून काढलेला नको, बर्फ तर नकोच. पिळला की लगेच घ्यायचा. एक डाळिंब दोन वेळांना पुरतं, अर्धं सकाळी, उरलेलं अर्धं सालीसकट झाकून ठेवा. त्यांना मधुमेह असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या वयात एकदा साखर तपासून घ्या, मग सुरू करा.

दुसरं, मुगाचं कढण. मूठभर मूग आठपट पाण्यात मऊ शिजवा, घोटून गाळा. त्यात दहा मनुका वाटून आणि डाळिंबाचा रस घाला, सैंधव, जिऱ्याची तुपाची फोडणी. मुगाच्या यूषात, म्हणजे अशा कढणात, डाळिंब आणि द्राक्षं घातली की त्याला सुश्रुताकडे रागषाडव म्हणतात, रुची आणणारं आणि पचायला हलकं. नाव दरबारी आहे, पदार्थ आजाऱ्याचा. डाळिंबाचा रस उकळू नका, खाली उतरवल्यावर घाला. संध्याकाळी वाटीभर हे आणि सोबत मऊ भात. मी तापातून उठलेल्या कितीतरी लोकांना यावर जेवायला लावलंय, अर्थात त्यात डाळिंबापेक्षा मुगाचा वाटा मोठा असेल, तो मान मुगाला देऊन टाकते.

ताजं डाळिंब महाग झालं किंवा फिकं यायला लागलं तर सियागंजात अनारदाणा मिळतो, आंबट जंगली डाळिंबाचे वाळवलेले दाणे. पुदिना, जिरं, आलं, सैंधव घालून त्याची चटणी वाटा. भूक नसलेल्या माणसाला जेवताना चमचाभर पुरते. तुम्ही मात्र तिला हात लावू नका, ती आंबट आहे, छातीत पुन्हा आग होईल.

एवढं करून पंधरा दिवसांत सासूबाईंचं जेवण सुधारलं नाही, किंवा वजन उतरत असेल, तर रसात वेळ घालवू नका. ताप श्रावणातला आणि आता आश्विन उजाडला. दीड महिन्याहून जास्त भूक मेलेली राहणं हे त्या वयात नीट तपासून घ्यायलाच हवं. आधी रक्ताच्या साध्या तपासण्या करा, हिमोग्लोबिनही. मुलीचं तपासलं, आजीचं कोणी तपासलं का?

आणि आश्विनावरून आठवलं, कोजागरी तोंडावर आहे. मसाला दुधात शोभेला डाळिंबाचे दाणे टाकायची नवी फॅशन मी दोन घरांत पाहिली. नका टाकू. दुधाबरोबर विरुद्ध म्हणून चरकाने जी फळं मोजली आहेत त्यांत डाळिंब नावानिशी आहे. जूस सेंटरवरचा अनार शेक त्याच खात्यात. एकदा प्यायल्याने कोणी आजारी पडत नाही, पण घरी सवय लावू नये.

नुसतं गोड डाळिंब, चार दाणे तोंडात टाकण्यापुरतं, या शरदाच्या उन्हात सगळ्यांना चालेल. माळव्यात ही आश्विनातली दुपार वैशाखाची आठवण करून देते, पित्त उसळतं, आणि गोड-तुरट चव त्याला बरी पडते. संध्याकाळी एक फळ सोलून पाचजणांत वाटून खा. पेटीची गरज उरणार नाही, मिस्टरांना पिशवी घेऊन पाठवा.

राहिल्या साली. टाकू नका, पण दोन डबेही पुष्कळ झाले. बुरशी आलेल्या फेका. स्वच्छ असतील त्या सावलीत कडकडीत वाळवून हवाबंद ठेवा. घसा धरला, तोंड आलं, हिरड्या सैल वाटल्या तर सालीचा एक तुकडा दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवायचा, कोमट झाल्यावर गुळण्या करायच्या आणि थुंकून टाकायचं. आमच्या सासूबाई जुलाबात साल ताकात उगाळून द्यायच्या. ते मोठ्या माणसाला एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं ठीक. लहान मुलाला नाही, ताप किंवा शौचात रक्त असेल तर नाही, आणि जुलाबात आधी मीठ-साखरेचं पाणी. मुलीच्या पोटात ही साल कुठल्याही रूपाने जाऊ देऊ नका, तिचं आधीच अडलंय. झाडाच्या मुळाची साल जंतांवर देतात असं कोणी सांगितलं तर तेही घरी करायचं नाही, ती विषारी पडू शकते.

हे पत्र तुम्ही वाचून दाखवू नका. सासूबाईंच्या हातात द्या, चष्मा लावून त्यांनाच वाचू दे. आणि उद्या सकाळी डाळिंब तुम्ही सोला.

तुमची,
वैद्यकाकू